रेड अलर्ट आणि भोसरीचा गुरुवार

२०२४ च्या पावसाळ्यातले दोन दिवस पुणे आणि पिंपरी-चिंचवडकरांच्या चांगले लक्षात आहेत: २५ जुलै आणि २६ सप्टेंबर. जुलैतल्या त्या पहाटे खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी बुडाली. डेक्कनजवळच्या पुलाची वाडीत हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तिघे जण गेले. सप्टेंबरची गोष्ट उलटी आहे. आदल्या दिवशी, बुधवारी, शिवाजीनगरला सुमारे १३३ मिलिमीटर पाऊस कोसळला. सप्टेंबरमधल्या एका दिवसात इतका पाऊस शहराने कित्येक दशकांत पाहिला नव्हता. म्हणून गुरुवारी शाळा बंद ठेवल्या गेल्या, पंतप्रधानांचा पुणे दौरा रद्द झाला आणि गुरुवारी बुधवारसारखा पाऊस झालाच नाही.

२५ जुलैलाही गुरुवारच होता. पिंपरी-चिंचवडमधल्या भोसरीत या योगायोगाला महत्त्व आहे, कारण इथल्या एमआयडीसीतल्या बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार वेगवेगळ्या दिवसांवर वाटण्यासाठी ही पद्धत पडली आणि आता सगळ्या परिसराचे जगणे तिच्याभोवती बेतलेले आहे. त्यामुळे त्या दोन्ही दिवशी बहुतेक शटर आधीच खाली होती. मोठ्या पावसाचा इशारा असताना कारखाने चालू ठेवायचे की बंद, हे कुणाला ठरवावेच लागले नाही. तो इशारा कामाच्या दिवशी येईल, त्यातही सलग सुट्ट्यांच्या आगेमागे येईल, तेव्हा मात्र ते ठरवावे लागेल. त्याची तयारी आपल्याकडे आहे असे दिसत नाही.

सलग सुट्ट्यांचा मुद्दा इथे जरा वेगळा आहे. १५ ऑगस्ट २०२५ शुक्रवारी आला, शनिवारी दहीहंडी आणि मग रविवार. हिंजवडीतल्या नोकरदाराला तीन दिवस मिळाले. भोसरीतल्या कामगाराला गुरुवार आणि शुक्रवार मिळाले आणि शनिवारी सकाळी तो पहिल्या पाळीला हजर होता. त्याच शनिवारी पहाटे मुंबईत विक्रोळीच्या पार्कसाइटमध्ये दरड कोसळून दोघांचा जीव गेला, आणि सोमवार उजाडेपर्यंत नांदेडच्या मुखेड तालुक्यात हसनाळसारखी गावे पाण्याखाली गेली होती. 'सुट्टीच आहे, घरीच थांबा' हे सांगणे शहराच्या एका भागाला सहज लागू पडते. दुसऱ्या भागाला त्याच दिवशी डबा घेऊन निघायचे असते.

इशारा मिळताच सुट्टी जाहीर करावी, अंदाज पुढे चुकला तरी चालेल, असे म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. मोठ्या पावसात सर्वाधिक धोका वाटेवर असतो. टेल्को रोडवर पाणी साचले की उघडे चेंबर दिसत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये गळणारे पाणी पॅनेल बोर्डापर्यंत पोचले की शॉक लागायला वेळ लागत नाही. कामगार एकदा घरून निघाला की त्याला परत फिरवता येत नाही, आणि कारखान्यात पोचल्यावर सोडून द्यायचे म्हटले तर भर पावसात त्याला पुन्हा त्याच रस्त्यावर ढकलल्यासारखे होते.

अमेरिकेतल्या बफेलो शहराने २०२२ च्या नाताळात हेच अनुभवले, फक्त तिथे पावसाऐवजी बर्फ होता. नाताळच्या शनिवार-रविवारी मोठे हिमवादळ येणार, हे तिथल्या राष्ट्रीय हवामान सेवेने कित्येक दिवस आधी सांगितले होते, अगदी पिढीतून एखादेच असे वादळ येते अशा शब्दांत. अंदाज तंतोतंत खरा ठरला. तरीही रस्त्यावर वाहने आणू नयेत हा आदेश शुक्रवारी, २३ डिसेंबरच्या सकाळी साडेनऊपासून लागू झाला. तोवर बरेच लोक कामावर गेले होते. त्या एका काउंटीत चाळीसहून अधिक माणसे दगावली. काही जण बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्येच सापडले. हवामानशास्त्राने आपले काम चोख केले होते, पण आदेश काही तास उशिरा आला. सकाळी सातच्या पाळीला साडेसहाला आलेला व्हॉट्सअॅप संदेश उपयोगी पडत नाही, हे समजायला भोसरीकराला बफेलोपर्यंत जायची गरज नाही.

मात्र याच्या नेमके उलट उदाहरणही अमेरिकेतच आहे. जानेवारी २०१५ च्या शेवटच्या आठवड्यात न्यूयॉर्क शहरावर दोन फुटांच्या आसपास बर्फ पडेल असा अंदाज होता. गव्हर्नरांनी भुयारी रेल्वे बंद केली. बर्फासाठी ती बंद करण्याची ती पहिलीच वेळ. प्रत्यक्षात सेंट्रल पार्कमध्ये दहा इंचही बर्फ पडला नाही. वादळ आले होते, पण त्याचा जोर पूर्वेला सरकला आणि शेजारच्या लाँग आयलंडवर दोन फूट बर्फ पडला. शेजारच्या न्यू जर्सी-फिलाडेल्फिया भागाचा अंदाज देणारे एक अधिकारी, गॅरी स्झॅटकोव्स्की, यांनी जाहीरपणे माफी मागितली. शहर बंद ठेवल्याने ज्यांचा दिवसाचा रोज बुडाला, त्यांना मात्र त्या माफीने काही मिळाले नाही.

आपल्याकडेही असे झाले आहे. ८ जुलै २०२४ च्या पहाटे मुंबईत काही भागांत सहा तासांत ३०० मिलिमीटरपर्यंत पाऊस झाला. दुसऱ्या दिवसासाठी रेड अलर्ट आला, शाळा बंद राहिल्या आणि पाऊस फारसा पडला नाही. मुंबईची ९ जुलै आणि पुण्याची २६ सप्टेंबर शेजारी ठेवून पाहिल्या की एक गोष्ट लक्षात येते. दोन्ही ठिकाणी सुट्टी पावसाच्या दुसऱ्या दिवशी लागली. मला यात दोष हवामान खात्यापेक्षा प्रशासनाच्या स्वभावाचा जास्त वाटतो. काल जे डोळ्यांनी पाहिले त्याचा धाक उद्याच्या अंदाजापेक्षा मोठा ठरतो. प्रशासनाच्या बाजूनेही बोलायला हवे: काल शहर बुडालेले असताना उद्याचा रेड अलर्ट हातात ठेवून शाळा उघड्या ठेवण्याचे धाडस कुठल्या जिल्हाधिकाऱ्याने करावे? आणि केलेच, नि एखादे मूल वाहून गेले, तर त्याला कोण माफ करील? मुंबईतच १९ ऑगस्ट २०२५ ला शाळा आधीपासून बंद ठेवल्या होत्या. त्या दिवशी पाऊसही तसाच झाला आणि संध्याकाळी मोनोरेल प्रवाशांसह अधांतरी अडकली. त्याच्या आदल्या दिवशी सुट्टीचा निर्णय मुले घराबाहेर पडल्यावर झाला होता, आणि माटुंग्यात पाण्यात अडकलेल्या स्कूलबसमधून मुलांना पोलिसांनी बाहेर काढले.

सुट्टीची किंमत भोसरीत कशी मोजली जाते, ते जवळून पाहिल्याशिवाय हा तोल सांभाळता येणार नाही. व्हीएमसी मशीन बटण दाबून थांबवता येते. हीट ट्रीटमेंटची भट्टी तशी थांबत नाही. कार्ब्युरायझिंगला नऊशे अंशांच्या वर तापमान धरून गिअर कित्येक तास आत ठेवावे लागतात. चार्ज, म्हणजे एका खेपेचा माल, आत गेल्यावर मध्येच वीज बंद केली तर तो रिजेक्ट होतो. डाय कास्टिंगवाल्याच्या होल्डिंग फर्नेसमध्ये वितळलेले अॅल्युमिनियम असते, ते थंड होऊ दिले तर भट्टी पुन्हा चालू करणे हेच एक काम होऊन बसते. शिवाय चाकणच्या असेंब्ली लाइनला माल वेळेवर गेला नाही की लाइन थांबल्याबद्दल डेबिट नोट येते. आठ-दहा माणसांच्या वर्कशॉपला अशी एक नोट महिन्याचा नफा खाऊन टाकायला पुरते. अशा मालकाला पाऊस दिसत नसताना 'बंद करा' म्हणणे सोपे नाही, आणि तो कुरकुरला तर त्याला माणसांच्या जिवाची पर्वा नाही असे म्हणणे अन्यायाचे आहे.

ठेक्यावरच्या कामगाराचा हिशेब याहून कडक. हजेरी भरली नाही की रोज गेला, आणि सलग महिनाभराच्या हजेरीवर काही बोनस बांधलेला असेल तर तोही गेला. शाळेची सुट्टीही त्याच घरात येऊन पडते. बालाजीनगरातल्या एका खोलीत राहणारी, पॅकिंगला जाणारी बाई शाळा बंद म्हणून लहान मुलाला कुणाकडे ठेवणार? शेजारीण नसेल तर तिचीही हजेरी बुडते, आणि मुलाला शाळेत मिळणारे दुपारचे जेवण बुडते ते वेगळेच. दुसरीकडे, याच घरांची छपरे सर्वांत आधी गळतात आणि पाणी याच गल्ल्यांत आधी शिरते. सुट्टीचा भार ज्यांच्यावर सर्वांत जास्त पडतो, सुट्टी न दिल्याचा धोकाही त्यांनाच सर्वांत जास्त. ही गाठ कुठल्याही एका बाजूच्या युक्तिवादाने सुटत नाही.

आता अंदाजाबद्दल. हवामान खाते १८७५ पासूनचे. त्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आले आणि पुढे दिल्लीला गेले, पण शिवाजीनगरची ती दगडी इमारत अजून सिमला ऑफिस म्हणूनच ओळखली जाते. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतला 'अर्क' हा महासंगणक ज्या दिवशी दूरदृश्य प्रणालीने राष्ट्राला अर्पण झाला, तो दिवसही २६ सप्टेंबर २०२४, तोच गुरुवार. त्या क्षमतेवर मे २०२५ मध्ये भारत फोरकास्ट सिस्टीम सुरू झाली. आधीच्या जागतिक प्रतिमानाचा चौकोन बारा किलोमीटरचा होता, तो सहा किलोमीटरवर आला. सहा किलोमीटरच्या एका चौकोनात भोसरी गाव, लांडेवाडी आणि एमआयडीसीचा मोठा भाग मावतो. ही प्रगती खरी आहे आणि तिचे श्रेय द्यायला हवे.

तरीही प्रतिमान बारीक झाले म्हणजे पाऊस कुठल्या चौकोनात पडेल हे निश्चित झाले, असे होत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा त्याच मुंबईत कुलाब्याला तो सत्तरच्या आसपास होता. चक्रीवादळांच्या अंदाजात भारताने मिळवलेले यश मोठे आहे. १९९९ च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली, आणि २०१३ च्या फायलिनच्या वेळी लाखो लोक आधीच हलवल्यामुळे मृतांचा आकडा काही डझनांवर थांबला. मात्र चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरलेले असते आणि किनाऱ्याला लागायला त्याला दिवस लागतात. एका तालुक्यावर फुटणारा ढग तासाभरात तयार होतो. १७ एप्रिल २०२३ ला किवळ्यात वादळी पावसात होर्डिंग कोसळून पाच जण मेले. अशा घटनेला आदल्या रात्रीची सुट्टी उपयोगाची नाही. तिथे तीन तासांचा इशारा आणि आधीच तपासलेले होर्डिंग, एवढेच कामाचे.

पुणे जिल्ह्याची आणखी एक अडचण आहे, आणि भोसरीसाठी तीच सर्वांत महत्त्वाची. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पुणे शहरात सातशेच्या आसपास. २५ जुलै २०२४ च्या चोवीस तासांत एकट्या ताम्हिणीत साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. हवामान खाते यासाठी घाटमाथ्याचा इशारा शहराहून वेगळा देते. रंगांचा अर्थही ठरलेला आहे: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. पण फोनवर फिरता फिरता त्याचे 'पुण्यात रेड अलर्ट' होते. भोसरीतला माणूस खिडकीतून बाहेर बघतो, रिमझिम दिसते, आणि पुढच्या वेळी संदेश न वाचताच पुढे ढकलतो. लांडगा आला रे आला अशी ही गत हवामान खात्याने केलेली नाही. वाटेत कुणीतरी 'घाटमाथा' हा शब्द गाळला, त्याने केली.

घाटमाथ्याचा इशारा भोसरीला लागूच नाही, असे समजणेही तितकेच चूक. भोसरी दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर आहे. दक्षिणेला पवना दापोडीजवळ मुळेला मिळते, उत्तरेला इंद्रायणी मोशीवरून आळंदीकडे जाते. दोन्ही नद्या मावळातून येतात. मावळात रात्री पाऊस पडतो, पवना धरणातून विसर्ग वाढतो आणि पाणी दापोडी-कासारवाडीच्या खालच्या गल्ल्यांत येते तेव्हा इथे कदाचित ऊन पडलेले असते. एमआयडीसीतला मोठा कामगारवर्ग याच नदीकाठच्या वस्त्यांतून येतो. म्हणजे कारखाना कोरडा आणि कामगाराचे घर पाण्यात, अशी परिस्थिती सहज येऊ शकते. त्या दिवशी त्याने घर सोडून पाळीला यावे असे म्हणणे अमानुष आहे. तळेगावच्या कामगाराला दापोडीच्या पाण्यापायी सुट्टी द्यावी, हेही मालकाला पटणार नाही.

पर्यटनाबद्दल थोडक्यात. ३० जून २०२४ च्या रविवारी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ च्या रविवारी कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल गर्दीने कोसळून चौघे गेले. सुट्टीच्या दिवशी धबधब्यांवर बंदी घालण्याने चहा, भजी आणि कणसे विकणाऱ्यांचे हाल होतात हे खरे, पण इथे मला दोन्ही पारडी समान वाटत नाहीत. करमणूक आठवड्याने पुढे ढकलता येते, म्हणून तिथली बंदी रास्त आहे. विक्रेत्यांसाठी धोक्याच्या जागेपासून दूर गाडे लावण्याची सोय करता येईल आणि ती करावी.

कारखान्यांच्या बाबतीत माझा कल लवकर दिलेल्या इशाऱ्याकडे आहे, सरसकट सुट्टीकडे नाही. फुकट गेलेल्या सुट्टीची भरपाई करता येते, पाण्यात गेलेल्या माणसाची करता येत नाही. मात्र ती भरपाई कुणीतरी प्रत्यक्ष करायला हवी. ती शक्य आहे एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. आज ती कुणीच करत नाही, म्हणूनच इशारा खरा असला तरी कामगार निघतो आणि मालक बोलावतो.

निर्णयाची वेळ आदल्या संध्याकाळची हवी, आठच्या आत, रात्रपाळीचा कामगार घरून निघण्याआधी. पहाटे पाचचा अंदाज संध्याकाळच्या अंदाजाहून नेमका असतो, हा आक्षेप बरोबर आहे. लवकर ठरवले तर काही सुट्ट्या वाया जातील. ती किंमत मी मान्य करीन, कारण पहाटेच्या नेमक्या अंदाजावर कृती करायला भट्टीवाल्यालाही वेळ उरत नाही आणि कामगारालाही. संध्याकाळी कळले तर निदान नवा चार्ज आत टाकायचा नाही, एवढे तरी ठरवता येते. आदेशही जिल्ह्याऐवजी नदीकाठच्या वस्त्यांच्या नावाने निघावा: दापोडी, कासारवाडी, फुगेवाडी, मोशीचा खालचा भाग. तिथे राहणाऱ्याची त्या दिवसाची गैरहजेरी धरू नये. बाकीच्यांची पाळी चालू राहू शकते.

राहिला रोजाचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर भोसरीच्या गुरुवारातच आहे असे मला वाटते. सुट्टीची अदलाबदल इथे नवी नाही. साप्ताहिक सुट्टीला काम घेतले तर मागच्या किंवा पुढच्या तीन दिवसांत बदली सुट्टी द्यावी, अशी तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमाने केली होती, आणि तो हिशेब इथल्या टाइमकीपरला पाठ असतो. पावसाने बुडालेला दिवस गुरुवारी काम करून भरून काढला तर रोज बुडत नाही आणि मालाची खोटही निघते. ऑगस्ट २०२५ चे कॅलेंडर घेऊन बघा. सोमवार १८ किंवा मंगळवार १९ ला सुट्टी दिली असती तर गुरुवार २१ बदल्यात हाताशी होता, आणि आदल्या संध्याकाळचा अंदाज त्यासाठी पुरला असता. शनिवार १६ ची गोष्ट अवघड. पुढचा गुरुवार तीन दिवसांपलीकडे जातो, म्हणून आधीच्या गुरुवारी, १४ तारखेला काम करावे लागले असते, आणि ते बुधवारीच ठरवावे लागले असते, तीन दिवस आधीच्या अंदाजावर. तीन दिवस आधीचा अंदाज अशा निर्णयाला पुरेसा नसतो. त्यामुळे शुक्रवार-शनिवारच्या पावसासाठी हा उपाय अपुरा आहे, आणि तिथे मालक, ठेकेदार आणि शासन यांनी रोजाचा भार वाटून घेण्याखेरीज मला दुसरा मार्ग दिसत नाही.

कामगारांचा आक्षेपही गंभीर आहे. गुरुवार हा दवाखान्याचा, बँकेचा, गावाकडे जाऊन येण्याचा दिवस असतो, आणि तो मालकाच्या सोयीने सरकू लागला तर पुढे पाऊस नसतानाही सरकेल अशी भीती त्यांना वाटते. ती निराधार नाही. म्हणून अदलाबदल वर्षातून मोजक्या वेळाच, फक्त लाल इशाऱ्यासाठी आणि ठेक्याच्या करारात लिहूनच व्हावी. महापालिकेच्या पावसाळापूर्व आढावा बैठका मे महिन्यात होतात. नालेसफाईच्या यादीबरोबर लघुउद्योजकांच्या संघटना, ठेकेदार आणि कामगार प्रतिनिधी यांनाही त्या टेबलावर बसवले, तर पाळ्या, वस्त्यांची यादी आणि गुरुवारचा हिशेब पहिला पाऊस पडायच्या आत ठरू शकतो.